कुंपणापलीकडचे चार दाणे

१८ नोव्हेंबर, सोमवार

घेवरने आज कुंपण ओलांडले नाही!

घेवर म्हणजे मिठाई नव्हे. घेवर म्हणजे आमच्या मूषकालयातील एक श्वेतवर्णीय, रक्तनेत्र, अत्यंत कर्तबगार उंदीर. नामकरण माझी संशोधक विद्यार्थिनी मैत्रेयी हिने केले. प्रयोगातील प्राण्यांना नावे देऊ नयेत, त्यांना क्रमांक असतात, असे मी तिला यथाशास्त्र बजावले होते. 'सर, मतलब नंबर तर आहेच ना त्याला. नाव एक्स्ट्रा आहे.' सेनाधिकाऱ्याची मुलगी. मराठी एका छावणीतून दुसऱ्या छावणीत वाहून नेलेली, त्यामुळे वाटेत बरीच सांडलेली.

प्रयोग सोपा आहे. पुढे दोन फाटे फुटणारी एक लाकडी वाट. डाव्या फाट्याच्या टोकाला दोन दाणे, रस्ता मोकळा. उजव्या टोकाला चार दाणे, पण मध्ये जाळीचे कुंपण. निरोगी उंदीर कुंपण चढतो आणि चार दाणे मिळवतो. घेवर तर त्या कुंपणावर अशा आवेशाने जायचा की जणू पलीकडे त्याचा राज्याभिषेक खोळंबला आहे. आज त्याला डोपामाइनचे ग्राही बंद करणारे औषध टोचले. (जग ज्याला रिसेप्टर म्हणते त्याला मी ग्राही म्हणतो. भूतलावर एकटाच म्हणतो.) तो फाट्याशी आला. उजवीकडे पाहिले. डावीकडे वळला. दोन दाणे खाल्ले. बसून राहिला.

अपेक्षित निष्कर्ष. तरी वाईट वाटले. त्रेपन्नाव्या वर्षी, औषधशास्त्राचा प्राध्यापक असताना, एका उंदरासाठी वाईट वाटणे अशोभनीय आहे. कोठेही नोंदवू नये.

घरी आलो तर बाबा सज्जात. सकाळी पत्नीने, अलकाने, जिथे बसवले होते तिथेच. ऊन केव्हाच पलीकडच्या भिंतीवर गेले होते. त्यांनी खुर्ची सरकवली नव्हती.

२० नोव्हेंबर

संध्याकाळी बाबांच्या उशाशी बसून घेवरची कथा सांगितली. श्रोते म्हणून बाबा सध्या आदर्श आहेत. मध्ये बोलत नाहीत.

हे वाक्य विनोद म्हणून लिहिले. पुन्हा वाचले. विनोद नाही.

श्रीयुत रंगनाथराव, निवृत्त पशुवैद्य, कराड तालुक्यातील यच्चयावत गाईम्हशींचे तारणहार. श्रावणात आई गेली. दिवसकार्य उरकले, घराला कुलूप लावले आणि बाबांना इकडे जयपूरला, मुरलीपुऱ्यात घेऊन आलो. याच गृहस्थांनी आयुष्यभर मला सळो की पळो केले. माझी ओळख करून देण्याची त्यांची रीत ठरलेली: 'आम्ही गाई वाचवल्या. चिरंजीव उंदीर मारतात. घराण्याची प्रगती!' त्यावर स्वयंपाकघरातून आईचे प्रत्युत्तर: 'त्याचे उंदीर बरे. बुटाला शेण घेऊन घरात येत नाही तो.' ही नांदी झाल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्यांना पोहे मिळाले नाहीत.

लहानपणी त्यांच्याबरोबर गोठ्यांतून हिंडलो आहे. आजारी म्हशीकडे बघण्याआधी मालकाकडे बघायचे. 'काय खाऊ घातलंस?' हा पहिला प्रश्न. 'जनावर सांगत नाही, उमा. मग मालकाला विचारायचं.' (उमा म्हणजे मी.)

आता ते स्वतः सांगत नाहीत. 'हं' म्हणतात. कधी तेही नाही.

निदान स्पष्ट आहे. द्व्यक्षरी. शोक.

२४ नोव्हेंबर

अलका विमा कंपनीत अधिकारी असल्यामुळे तिला माणसाचे निरीक्षण करण्याची व्यावसायिक सवय आहे. म्हणाली, 'अहो, बाबांचा चेहरा बघितलात? हसू येत नाही हे समजू शकते मी. पण रागसुद्धा येत नाही. काल भाजीत मीठ नव्हतं. बाबा! आणि गप्प!'

मी म्हणालो, पत्नीवियोगाचा आघात. कालौघात निवळेल.

'तुम्ही बोललात की वाटतं, कोणीतरी नोटीसबोर्ड वाचतंय.'

पावले लहान टाकतात हे मलाही दिसते. पाय उचलत नाहीत, घासत नेतात. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरतो, जपमाळ ओढल्यासारखा. माळ मात्र नाही. जन्मभर देवाशी वाद घालणारा माणूस नाम घेऊ लागला असावा, असे मी अलकाला म्हणालो. ती हसली नाही.

३० नोव्हेंबर

'गॅसच्या कॅप्सूल संपत आल्या बाबांच्या. चालू ठेवायच्या का?' अलकाची पृच्छा.

आई गेल्यानंतरच्या त्या दिवसांत बाबांना अन्न जात नव्हते, छातीत जळजळ. कराडच्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायला दिल्या होत्या. पाकीट तिने माझ्यासमोर धरले. दृष्टिक्षेप टाकला. अम्लपित्तशामक. अर्ध्या भारताच्या उशाखाली असते. 'निरुपद्रवी,' असा अभिप्राय दिला आणि संध्याकाळी चौकातल्या मेडिकलमधून स्वहस्ते घेऊन आलो. दुकानदाराने चिठ्ठी विचारली नाही. इथे कोणी विचारत नाही. आणि औषधशास्त्राच्या प्राध्यापकाला हा अधिकार नसेल, तर तो कोणाला असावा!

८ डिसेंबर, रविवार

खरवस-मोहीम फत्ते!

बाबांचे दैवत खरवस. म्हैस व्यायली की मालक फी द्यायला विसरेल, पण चिकाची लोटी घरी पोचायची. आई तो गुळात करायची. आज सकाळी चौमूंच्या वाटेवरच्या एका डेअरीवाल्याकडे गेलो. नुकत्याच व्यायलेल्या म्हशीचे पहिले दूध हवे आहे, हे त्याला हिंदीत समजावताना माझ्या पांडित्याचे जे धिंडवडे निघाले त्यांचे वर्णन करत नाही. हातवारे करावे लागले. त्याच्या बायकोने तोंडात पदर घातला.

अलकाने खरवस उत्तम केला. टेबलावर मांडला. बाबांना त्यांच्या खोलीतून हाक मारली. टेबल दिसत होते त्यांना. बशी दिसत होती. मान वळवून बघितलेही. उठले नाहीत. 'या ना बाबा, खरवस आहे!' 'हं.' बसूनच.

शेवटी अलकाने बशी खोलीत नेली, हातात दिली. संपवला! चमच्याने बशी खरवडली. ओठ चाटले. आणखी दिला, तोही संपवला.

म्हणजे गोडी आहे. उठणे नाही. या विसंगतीचे मला वैज्ञानिक कुतूहल वाटायला हवे होते. वाटले फक्त एवढेच, की बरे झाले, खाल्ले तरी.

१३ डिसेंबर

थंडी. बाबांच्या शर्टाची बटणे आता मी लावतो. आज कानटोपी घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. पापणी फार वेळ लवली नाही.

१९ डिसेंबर

आलेख आला. उंदराच्या मेंदूत केसाएवढी नळी बसवून पेशींच्या बाहेरचे डोपामाइन मोजता येते. सर्वसाधारण कल्पना अशी की उंदीर निपचित झाला, म्हणजे त्याचे डोपामाइन आटले. नाही! औषध दिल्यावर ते वाढते. ग्राही बंद, त्यामुळे निरोप पोचत नाही. पोच परत येत नाही, म्हणून पेशी अधिकच निरोप सोडत राहतात.

मैत्रेयी पडद्यावरच्या चढत्या रेषेकडे बघत राहिली. 'मतलब सर, बाहेरून एकदम शांत. आणि आत तो जोरजोरात हाका मारतोय?'

'शास्त्रात हाका मारणे असा शब्दप्रयोग नाही.'

'पण मारतोय ना?'

'मारतोय.'

संध्याकाळी बाबांना हेही सांगितले. हाकांचा शब्दप्रयोग माझ्या नावावर खपवला.

२८ डिसेंबर

मधुमालती फुलावी तशी माणसे फोनवर सल्ले फुलवतात. कराडहून, साताऱ्याहून, पुण्याहून. देवळात न्या. टीव्ही लावून द्या. भजनीमंडळ बघा. जयपुरात भजनीमंडळ! 'वेळ हेच औषध' असे तर सर्वांनीच सांगितले. मीही सर्वांना तेच सांगतो. सांगताना आवाजात गांभीर्य आणतो.

खरे म्हणजे भीती वाटते. आईच्या मागोमाग निघाले आहेत असे वाटते. घाई नाही. लहान लहान पावलांनी.

६ जानेवारी

आज मैत्रेयीने नव्या विद्यार्थ्यांना दांडीची चाचणी दाखवली. उंदराचे पुढचे दोन्ही पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे आणि हात काढून घ्यायचा. निरोगी उंदीर तत्क्षणी उतरतो आणि वर आपल्याकडे तुच्छतेने पाहतो. ग्राही बंद असलेला तसाच राहतो. उभा. पाय दांडीवर. ठेवला तिथे.

एकाने विचारले, 'सो गया क्या?' मैत्रेयी म्हणाली, 'नहीं। उतरना है उसको। बस, शुरू नहीं हो रहा।'

उत्तम उत्तर. मी आतापर्यंत वर्गात हे समजावायला अर्धा फळा भरत होतो.

१४ जानेवारी, संक्रांत

आईचे वर्ष असल्यामुळे आमच्याकडे सण नाही. तिळगूळ नाही. पण जयपुरात आज कोणी जमिनीवर राहत नाही; अख्खे शहर गच्च्यांवर चढते. वरच्या मजल्यावरचे माथुरजी सकाळीच फीणी नावाची इथली मिठाई घेऊन आले आणि बाबांना हाताला धरून वर घेऊन गेले. 'बाऊजी को धूप लगेगी, मन बहलेगा।' बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ आज बारा वर्षांचा असतो. डोळ्यांवर गॉगल, बोटांना चिकटपट्ट्या.

त्यांनी मांज्याची चरखी बाबांच्या हातात दिली. स्वतः त्यांची बोटे दोन्ही मुठींवर बसवली, हात छातीसमोर आणले. 'बाऊजी, बस पकड़े रहो। बाकी मैं देख लूँगा।' बाबांनी धरली. चरखी गरगरत होती, पतंग चढत होता. गच्चीवर पंधरा माणसे, तीन स्पीकर, चौफेर 'वो काटा!' मला वाटले, छान झाले. कोणीतरी काहीतरी दिले त्यांना हातात.

थोड्या वेळाने माथुरजींचा पतंग कटला. उरलेला मांजा सोडून देऊन, प्रतिस्पर्ध्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून, ते पकौड्यांकडे वळले. सगळेच खाली गेले. मीही गेलो. अलकाने विचारले, 'बाबा?' तेव्हा आठवण झाली.

वर आलो. गच्ची रिकामी. बाबा मध्यभागी उभे. हात छातीसमोर. चरखी हातात. धागा नाही, पतंग नाही. डोळे सरळ समोर.

'बाबा, झालं. द्या ती इकडे.'

मी चरखी काढून घेतली.

हात तिथेच राहिले.

चरखी नव्हती आणि हात तिथेच होते. छातीसमोर. बोटे वळलेली.

शोकाने असे होत नाही. शोक करणारा माणूस चरखी खाली ठेवतो आणि मग शोक करतो. हे मी रोज पाहतो. पिंजऱ्याशेजारी, दांडीवर, घड्याळ हातात घेऊन पाहतो. याला गुण देतो.

काय खाऊ घातलंस?

तसाच खाली गेलो. औषधांचा डबा. एकच तर औषध चालू आहे. पाकिटाच्या पुढे ठळक अक्षरांत अम्लपित्ताचे औषध. उलटे केले. मागे बारीक अक्षरांत त्याच्या जोडीला दुसरे. पोट लवकर रिकामे व्हावे म्हणून घातलेले. लेव्होसल्पिराइड.

डोपामाइनचे ग्राही बंद करते.

पोटातले. आणि मेंदूतले.

१५ जानेवारी

मेंदूचे डॉक्टर. तरुण आहेत. त्यांचा पहिला प्रश्न: 'कौनसी दवाइयाँ चल रही हैं?' मी पाकीट पुढे केले, मागची बाजू वर. त्यांनी बाबांचा हात कोपरात वाकवला. दातेरी चाक फिरावे तसा अडकत अडकत वाकला. बाबांना चालवले. वळायला सांगितले. मग माझा व्यवसाय विचारला. मी सांगितला.

'सर, ये तो आप पढ़ाते होंगे।'

हो. पढवतो.

बंद करायचे. बरे होतील, बहुतेक. आठवडे लागतील, कदाचित महिने. वय आहे. खात्री देता येत नाही.

येताना गाडीत अलका पाकिटाची मागची बाजू वाचत होती. सीकर रोडच्या गर्दीत म्हणाली, 'तुम्हाला दोष देत नाहीये.' मग सिग्नल सुटल्यावर, 'पण मी विचारलं होतं.'

१६ जानेवारी

बाबांना सगळे सांगितले. तुम्हाला शोक झाला म्हणून तुम्ही असे झालात असे समजत होतो. शोक नव्हता. कॅप्सूल होती. संपली तेव्हा मीच नवी आणली.

'हं.'

उरलेली पाकिटे फेकून देणार होतो. दिली नाहीत. टेबलाच्या खणात ठेवली. वर्गात दाखवेन. पुढची बाजू, मागची बाजू.

२२ जानेवारी

प्रयोगाचा पुढचा टप्पा. औषध तेच. पण उजव्या फाट्यातले कुंपण काढून टाकले. घेवर फाट्याशी आला. दोन्हीकडे मोकळी वाट. उजवीकडे वळला. चार दाणे.

म्हणजे त्याला सगळे ठाऊक होते. कुठे किती आहे, काय अधिक चांगले. इच्छाही होती. फक्त चढणे नव्हते.

बाबांना सांगितले नाही. आठवडाभर त्यांना गोष्टी सांगणे बंद केले आहे. कोणत्या तोंडाने सांगू?

३० जानेवारी

फरक नाही.

५ फेब्रुवारी

अलकाचा भरदुपारी फोन. व्याख्यान थांबवून घेतला. 'अहो! बाबांनी माशी हाकलली!'

कशी?

'हाताने! स्वतःच्या!'

वर्गातल्या चाळीस जणांना मी हे वृत्त सविस्तर सांगितले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. अरसिक पिढी.

९ फेब्रुवारी

घेवरचे काम संपले. मेंदूचे काप तपासायचे असतात. शास्त्रात त्याला एक सोज्वळ शब्द आहे. मैत्रेयी म्हणाली, 'सर, आज मी नाही करणार. प्लीज.' मी केले.

नाव एक्स्ट्रा होते.

१२ फेब्रुवारी

चहा पिताना बाबा. आवाज बारीक, पण सलग!

'त्या कुंपणवाल्या उंदराचं काय झालं?'

'तुम्ही ऐकत होतात?'

'ऐकत होतो म्हणजे? रोज उशाशी बसून घेवर, घेवर! ओरडून सांगावंसं वाटायचं. अरे, आधी कुंपण काढून बघ!'

'काढलं, बाबा.'

'मग?'

'चार दाण्यांकडेच गेला.'

'मग डोकं शाबूत होतं त्याचं.' बाबांनी चहा संपवला. कप खाली ठेवायला वेळ लागला, पण ठेवला. 'आता कुठाय?'

मी रिकामे कप गोळा करू लागलो.

'मारलास.'

'हो.'

'घराण्याची प्रगती,' बाबा म्हणाले.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धुतले.

१६ फेब्रुवारी, रविवार

डेअरीवर दोघे गेलो. बाबा माझ्या दंडाला धरून, पण पावले उचलून. तिथे एक म्हैस मागचा पाय टेकत नव्हती. बाबांनी खूर उचलायला लावला, दोन खुरांच्या बेचक्यात बोट घातले आणि काटा काढला. कराडी हिंदीत डेअरीवाल्याची झाडाझडती: 'इतने दिन से लंगडा रही है और तुम दूध पिळ रहे हो?' तो हात जोडून उभा. माझ्याकडे बोट दाखवून बाबा म्हणाले, 'इसके हाथ में मत देना हाँ इसको. ये चूहेवाला डॉक्टर है.'

परत येताना म्हणाले, 'गाय असती ना माझ्या जागी, तर पहिल्या दिवशी चारा बदलला असतास.'

'तुम्ही शिकवलं होतंत.'

'हं,' बाबा म्हणाले. पण हे 'हं' वेगळे. जुने. टोमण्यानंतरचे.

अलकाला सांगितले तर ती स्वयंपाकघरात गाणे गुणगुणू लागली. बेसूर. गृहस्थाश्रमात काही गोष्टी सहन कराव्यात.

२७ फेब्रुवारी

डेअरीवाल्याने स्वतःहून चीक आणून दिला. 'बाऊजी के लिए।' पैसे घेईना.

अलकाने खरवस केला. टेबलावर मांडला. हाक मारायला मी तोंड उघडले, तिने डोळ्यांनी गप्प केले. आम्ही दोघे टेबलाशी बसून राहिलो, परीक्षेच्या निकालाला बसावे तसे.

खोलीतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. काठीचा आवाज. दार. उंबरठ्याशी थांबले. पाय उचलला. आत आले. खुर्ची ओढली. बसले. बशी पुढे घेतली.

अलकाने टेबलाखाली माझा हात दाबला. जिंकलो!

पहिला चमचा घेतला. तोंडात घोळवला. दुसरा घेतला नाही. चमचा बशीत आडवा ठेवला.

'वेलदोडा घातलास.'

'हो बाबा. नाही आवडला?'

'छान झालाय. विमल जायफळ घालायची.'

एवढेच म्हणाले. मग रडू लागले. मी बाबांना कधी रडताना पाहिले नव्हते. आई गेली तेव्हाही नाही; तेव्हा ते लाकडांचे, भटजींचे, लोकांच्या जेवणाचे बघत होते. आणि त्यानंतर कॅप्सूल. आज टेबलावर डोके ठेवून रडले. आवाज करून. अलका पाठीवर हात फिरवत होती. मी नुसता उभा होतो. एकही शब्द सुचला नाही, संस्कृत किंवा प्राकृत.

१ मार्च

कालही. आजही. सकाळी उठून आईला हाक मारतात. मग गप्प होतात, मग रडतात. जेवण नाही. चालणे सुधारले आहे, चेहराही. आता चेहऱ्यावर सगळे दिसते.

अलका म्हणते, 'रडू दे त्यांना. श्रावणापासूनचं आहे.'

डॉक्टरांना फोन केला. ते प्रसन्न! 'बहुत अच्छी रिकवरी है, सर।'

३ मार्च

बाबा सकाळी माझ्या खोलीत आले. स्वतः चालत. टेबलाशी उभे राहिले.

'ती कॅप्सूल आहे का रे अजून?'

'फेकून दिल्या,' मी म्हणालो. खणावर हात ठेवून. 'कशाला?'

'तेव्हा विमल गेल्याचं नुसतं माहीत होतं. आता कळतंय.'